बेकार कोणाला म्हणावे?

(पौड येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आजचा विषय रुक्ष वाटेल याची मला कल्पना आहे. बेकारीवर बोलायचे म्हटले की आपण मोर्चाची, निवेदनाची, घोषणांची भाषा बोलू लागतो. ती भाषा आवश्यकच आहे. परंतु बेकारी मोजतात कशी, मोजणारा माणूस कोणाच्या दारात जाऊन नेमके काय विचारतो आणि त्या उत्तराचे पुढे काय होते, याचा विचार आपण क्वचितच करतो. म्हणून आज घोषणा बाजूला ठेवून मोजमापाबद्दल बोलावे असे मी ठरवले आहे.

केंद्र सरकारच्या श्रमशक्ती पाहणीने 2023-24 या वर्षासाठी पंधरा वर्षांवरील लोकांतील बेकारीचे प्रमाण 3.2 टक्के असे दिले. काम करणारे आणि काम मागणारे मिळून शंभर माणसे घेतली, तर त्यांतली तीनच बेकार! हा आकडा मुळशी तालुक्यातल्या कोणत्याही गावच्या पारावर वाचून दाखवा, लोक हसतील. मग आपल्यातला एखादा उत्साही कार्यकर्ता म्हणेल की सरकारी आकडे खोटे असतात, सोडून द्या. माझे म्हणणे वेगळे आहे. हा आकडा खोटा नाही. तो एका विशिष्ट प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर आहे. आपल्या मनातला प्रश्न मात्र निराळा आहे. हे दोन प्रश्न वेगळे करता आले नाहीत, तर सरकारला 3.2 टक्क्यांच्या आड लपणे सोपे जाईल आणि आपल्याला नुसते रागावण्यापलीकडे काही करता येणार नाही.

घरोघर जाऊन माणसांच्या कामाची आणि मिळकतीची नोंद करण्याची पद्धत आपल्या जिल्ह्याला नवी नाही. पुण्याच्या शेती महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाची घरोघर पाहणी करून 1917 साली ग्रंथ प्रसिद्ध केला. ते गाव आज आपल्या हिंजवडीच्या शेजारी, शहराच्या पोटात गेले आहे. पुढे धनंजयराव गाडगीळांच्या मार्गदर्शनाखाली गोखले अर्थशास्त्र संस्थेने पुणे शहराची कुटुंबवार पाहणी केली. स्वातंत्र्यानंतर 1950 साली महालनोबीस यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. सगळी घरे मोजणे शक्य नसते, म्हणून शास्त्रशुद्ध रीतीने थोडी घरे निवडायची आणि त्यांवरून साऱ्या देशाचा अंदाज बांधायचा, हे तिचे तत्त्व. शितावरून भाताची परीक्षा म्हणा हवे तर. मात्र शीत कोणते उचलायचे हे वाढप्याच्या मर्जीवर सोडायचे नाही.

घरोघरीच का जायचे? कचेरीतल्या नोंदवहीवरून बेकार मोजता येत नाहीत काय? ब्रिटनमध्ये बराच काळ तसेच मोजत. तेथे 1982 साली आधार बदलला. काम मागण्यासाठी नाव नोंदवणाऱ्यांऐवजी बेकारभत्ता घेणारेच मोजले जाऊ लागले. भत्त्याचे नियम कडक केले की भत्ता घेणारे कमी होतात आणि माणसाला काम न मिळताच बेकारी घटल्याचे दिसते. आपल्याकडे सेवायोजन कार्यालयातल्या नोंदींची गत याहून निराळी नाही. नोकरी असलेलाही अधिक चांगल्या नोकरीसाठी नाव घालतो आणि ताम्हिणीच्या बाजूचा निरक्षर मजूर त्या कार्यालयाची पायरी कधी चढत नाही. अमेरिकेत 1930 च्या दशकातल्या महामंदीत लाखो माणसे रस्त्यावर आली, तरी नेमकी किती हे सांगणारा भरवशाचा आकडाच सरकारजवळ नव्हता. त्या अनुभवातून 1940 साली तेथे दरमहा नमुना कुटुंबांकडे जाऊन विचारण्याची पद्धत सुरू झाली आणि आज बहुतेक देश थोड्याफार फरकाने त्याच वाटेने जातात. घराच्या दारात विचारलेला प्रश्न कचेरीच्या मेहेरबानीवर अवलंबून नसतो, हा या पद्धतीचा मोठा गुण आहे आणि तो आपण मान्य केला पाहिजे.

आता प्रश्न काय विचारतात ते पाहू. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या पुढाकाराने भरणाऱ्या श्रम-सांख्यिकांच्या परिषदेने 1982 साली एक व्याख्या ठरवली. बेकार ठरण्यासाठी तीन अटी: माणसाजवळ काम नसले पाहिजे, तो काम करण्यास उपलब्ध असला पाहिजे आणि तो काम शोधत असला पाहिजे. ‘काम नसणे’ याचा अर्थ, विचारलेल्या आठवड्यात मजुरीसाठी वा नफ्यासाठी एक तासही काम केलेले नसणे. आठवड्यात एक तास काम केले की तो माणूस कामकरी झाला!

ही व्याख्या भांडवलदारांनी कट करून केली, असे मानण्याचे कारण नाही. देशाच्या उत्पादनात ज्या ज्या श्रमाची भर पडते तो सारा श्रम हिशेबात यावा, कितीही थोडा असला तरी सुटू नये, हा तिच्यामागचा हेतू आहे. शिवाय ज्या देशात बहुसंख्य लोक पगारी नोकर आहेत आणि नोकरी सुटल्यावर काही महिने भत्ता मिळतो, तेथे माणूस एक तर नोकरीत असतो किंवा नोकरीबाहेर असतो. मधली अवस्था तेथे तुलनेने लहान. आपल्याकडे मधली अवस्था हीच सर्वांत मोठी आहे. बेकार राहण्यासाठीसुद्धा काही शिल्लक गाठीशी लागते. ज्याच्या घरी उद्याच्या भाकरीचे पीठ नाही, त्याला बेकार राहणे परवडत नाही. तो मिळेल ते, मिळेल त्या दराने करतो आणि पाहणीत ‘रोजगारात’ दाखल होतो. गुन्नार मिर्दाल यांनी आशियाई देशांवरील आपल्या 1968 च्या ग्रंथात हाच मुद्दा विस्ताराने मांडला होता: पश्चिमेच्या बेकारीच्या कल्पना उचलून इकडे लावल्या, तर इकडचे वास्तव त्यांच्या चिमटीत सापडत नाही.

आपल्या अर्थशास्त्रज्ञांना याची जाण नव्हती असे नाही. पहिल्या योजनांमध्ये बेकारांचा एक ठोक आकडा दिला जाई आणि योजना संपताना तो वाढलेला दिसे. तेव्हा 1968 साली नियोजन आयोगाने प्रा. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. तिने 1970 च्या अहवालात सांगितले की, स्वतःच्या तुकड्यावर राबणाऱ्या, हंगामापुरती मजुरी करणाऱ्या समाजात बेकारी एकाच आकड्यात मांडणे निरर्थक आहे. ती अनेक बाजूंनी मोजली पाहिजे. त्यातून 1972-73 च्या फेरीपासून तीन मापे प्रचारात आली. पहिले माप वर्षाचे: गेल्या वर्षात माणूस बहुतांश काळ काय करत होता, आणि जोडीला निदान तीस दिवस त्याने काही काम केले काय? दुसरे आठवड्याचे: गेल्या सात दिवसांत त्याने एक तास तरी काम केले काय? तिसरे दिवसाचे: त्या सात दिवसांतला प्रत्येक दिवस, अर्ध्या अर्ध्या दिवसाच्या हिशेबाने, कामात गेला की कामाविना?

याचा परिणाम किती होतो पाहा. 2011-12 च्या फेरीत वर्षाच्या मापाने देशातील बेकारी 2.2 टक्के निघाली, आठवड्याच्या मापाने 3.7 आणि दिवसाच्या मापाने 5.6. वर्ष तेच, घरे तीच, माणसे तीच. माप बदलले आणि बेकारी अडीचपट झाली. हे तीनही आकडे खरे आहेत. त्यांतला कोणता वर्तमानपत्राच्या मथळ्यात जातो आणि कोणता अहवालाच्या कोष्टकात राहतो, हा मात्र राजकारणाचा प्रश्न आहे.

ही मापे आता आपल्या तालुक्यातल्या एका घराला लावून पाहू. घर कल्पित आहे, पण आपल्याला ओळखीचे वाटेल. समजा, कोळवण खोऱ्यात दीड एकर भातखाचर असलेले एक कुटुंब आहे. पेरणी, लावणी, बेणणी, कापणी, झोडणी यांत जूनपासून दिवाळीपर्यंत घर गुंतलेले असते. नंतर घरधनी पिरंगुट-हिंजवडीकडे बांधकामावर जातो, बोलावले तर. पाहणी करणारा मार्च महिन्यात दारात येतो. त्या आठवड्यात घरधन्याला दोन दिवस काम मिळाले. पाच दिवस तो तयार असूनही परत आला. वर्षाच्या मापाने तो शेतकरी, म्हणजे रोजगारात. आठवड्याच्या मापाने दोन दिवस काम केले, म्हणजे रोजगारात. फक्त दिवसाचे माप सांगते की त्याच्या सात दिवसांतले पाच वाया गेले. थोरला मुलगा पदवीधर आहे, वर्षभर नोकरीच्या शोधात आहे. वर्षाच्या मापाने तो बेकार. पण त्याच आठवड्यात एका लग्नात वाढप्याचे काम करून त्याने दिवसाची मजुरी मिळवली, म्हणून आठवड्याच्या मापाने तो रोजगारात! बाप एका मापाने सुटतो, मुलगा दुसऱ्या मापाने. आणि 2017 साली जुनी पंचवार्षिक फेऱ्यांची पद्धत जाऊन नवी श्रमशक्ती पाहणी आली, तेव्हापासून दिवसाचे माप मागे पडले आहे. चर्चा होते ती वर्षाच्या आणि आठवड्याच्या आकड्यांची. जे माप आपल्या हंगामी मजुराची व्यथा सर्वांत जवळून टिपत होते, तेच नजरेआड झाले, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवली पाहिजे.

त्याच घरातल्या बाईकडे वळू. ती लावणीत गुडघाभर चिखलात उभी असते, म्हैस सांभाळते, डोंगरातून सरपणाची मोळी आणते, उन्हाळ्यात पाण्यासाठी पायपीट करते. पाहणीच्या नियमाप्रमाणे लावणी व म्हैस हे ‘काम’ आहे. मोळी व पाणी हे काम नाही. ज्या बाईचा दिवस मोळी, पाणी, चूल आणि मुले यांत जातो, तिची नोंद श्रमशक्तीच्या बाहेर होते. ती कामकरी नाही आणि बेकारही नाही. त्यातून उत्तर देणारा बहुधा घरातला पुरुष असतो. ‘बाई काय करते?’ या प्रश्नाला ‘काही नाही, घरीच असते’ हे उत्तर आपण सर्वांनी ऐकले आहे. कित्येकांनी दिलेही असेल.

येथे देशादेशांतल्या तुलनेची अडचण स्पष्ट होते. आपल्या नियमाने घरी खाण्यासाठी पिकवलेले आंबेमोहोर हेसुद्धा रोजगाराचे काम ठरते. परंतु 2013 च्या आंतरराष्ट्रीय ठरावाने रोजगाराची व्याख्या मजुरी वा नफ्यासाठी केलेल्या कामापुरती आखली आणि स्वतःच्या वापरासाठीचे उत्पादन हा कामाचा वेगळा प्रकार मानला. म्हणजे सारे भात घरीच खाणारा शेतकरी दिल्लीच्या हिशेबात रोजगारात आहे आणि जिनिव्हाच्या नव्या हिशेबात नाही. अमेरिकेत घरच्या धंद्यात बिनपगारी हातभार लावणारा माणूस आठवड्यात पंधरा तास भरले तरच कामकरी ठरतो. आपल्याकडे एक तास पुरतो. यामुळे अमुक देशात बेकारी इतकी आणि आमच्याकडे त्याहून कमी, म्हणून आम्ही पुढे, असे जे सांगतात ते वजनकाटे वेगळे असताना वजनांची तुलना करतात. काटे सारखे केले तरी प्रश्न उरतोच. ज्या समाजात भत्ता नाही, पेन्शन नाही, शिल्लक नाही, तेथे बेकारीचे प्रमाण कमी असणे हे सुबत्तेचे लक्षण नसून निरुपायाचेही असू शकते.

गेल्या काही वर्षांतला एक आकडा या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. ग्रामीण भागातल्या पंधरा वर्षांवरील स्त्रियांचे श्रमशक्तीतले प्रमाण 2017-18 मध्ये 24.6 टक्के होते. 2023-24 मध्ये ते 47.6 झाले. सहा वर्षांत जवळजवळ दुप्पट. सरकार म्हणते, स्त्रिया कामाला लागल्या. लागल्या हे खरे. पण या वाढीचा मोठा भाग स्वतःच्या शेतीवर आणि घरच्या धंद्यात बिनपगारी मदतनीस म्हणून झालेला आहे. पूर्वी न दिसणारे श्रम आता नोंदले जात असतील तर ते स्वागतार्हच आहे. परंतु ज्या कामाचा पैसा तिच्या हातात पडत नाही त्याला रोजगारनिर्मिती म्हणून मिरवणे हा त्या बाईच्या श्रमाचा दुसऱ्यांदा केलेला अपहार होय.

मुळशी तालुक्यात आणखी दोन माणसे अशी आहेत, ज्यांच्यापाशी ही मापे अडखळतात. एक म्हणजे वीटभट्टीवर जाणारा कातकरी. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडण्यासाठी तो बायकामुलांसह भट्टीवर उतरतो आणि पहाटेपासून राबतो. पाहणीच्या भाषेत तो पूर्ण रोजगारात आहे. बेकारीचा लवलेश नाही! त्याने काम केले की नाही एवढेच माप विचारते. काम सोडून जाण्याची मुभा त्याला आहे काय, हे विचारत नाही. दुसरा, माण-हिंजवडीकडचा जमीन विकलेला शेतकरी. त्याने मोबदल्यातून खोल्या बांधल्या आणि भाड्यावर तो जगतो. भाडे खाणारा श्रमशक्तीच्या बाहेर समजला जातो. एके काळी ज्याच्या हाताला बारमाही नसले तरी हक्काचे काम होते, तो आज ना कामकरी, ना बेकार. त्याच्या मुलाला संगणकाच्या कंपनीत दाराशी पहाऱ्याची नोकरी मिळाली की ‘नियमित पगारी’ या मानाच्या रकान्यात आणखी एक नाव वाढते.

प्रा. राज कृष्ण यांनी 1973 साली याच त्रुटीकडे लक्ष वेधले होते. बेकारीच्या चार कसोट्या त्यांनी सांगितल्या: माणसाला पुरेसा वेळ काम आहे काय, त्या कामातून पुरेसे उत्पन्न मिळते काय, आणखी काम करण्याची त्याची तयारी आहे काय आणि त्याच्या कामाने उत्पादनात खरी भर पडते काय. आपले मथळ्याचे आकडे पहिल्या कसोटीपाशीही पुरते पोहोचत नाहीत. उत्पन्नाची कसोटी लावली तर कातकऱ्याची भट्टी, पदवीधराचे वाढपीपण आणि बाईची बिनपगारी लावणी एका क्षणात डोळ्यांसमोर उभी राहील.

आता सरासरीविषयी. देशाची श्रमशक्ती पाहणी 2023-24 पर्यंत वर्षाला सुमारे एक लाख कुटुंबांची होती. 2025 पासून ती पावणेतीन लाखांच्या आसपास नेली आहे, निवडीसाठी जिल्हा हा मूळ घटक धरला आहे आणि आकडे दरमहा येऊ लागले आहेत. ही सुधारणा चांगली आहे. परंतु तालुक्याचा भरवशाचा आकडा यातूनही निघत नाही, निघणारही नाही. पुणे जिल्ह्याच्या सरासरीत हिंजवडीचे काचेचे मनोरे आणि मोसे खोऱ्यातल्या वाड्या एकाच टोपलीत पडतात. मुळशी धरणाचे पाणी सह्याद्रीखाली भिऱ्याला जाऊन वीज करते आणि धरणाकाठचा तरुण मुंबईला डबे वाहायला जातो, ही विसंगती कोणत्याही सरासरीत दिसणार नाही.

म्हणून पाहणी टाकून द्यावी काय? मुळीच नाही. उलट, तिचे रक्षण करणे हे आपले काम आहे. 2018 च्या डिसेंबरमध्ये राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाने संमत केलेला अहवाल सरकारने रोखून धरला. जानेवारी 2019 मध्ये पी. सी. मोहनन आणि जे. व्ही. मीनाक्षी या दोन सदस्यांनी आयोगाचा राजीनामा दिला. निवडणूक पार पडल्यावर 31 मे रोजी अहवाल बाहेर आला आणि बेकारी 6.1 टक्के असल्याचे अधिकृतपणे कळले. सरकारला आकड्याची भीती वाटते, याचाच अर्थ आकड्यात ताकद आहे. सगळे आकडे खोटे म्हणणारा कार्यकर्ता नकळत आकडे दडपणाऱ्याच्या मदतीला जातो.

बेकारी मोजण्याचे आणखी एक माप महाराष्ट्राने जगाला दाखवले आहे, त्याचा अभिमान आपण बाळगला पाहिजे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून ‘मागेल त्याला काम’ हे तत्त्व पुढे आले, 1977 साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अंमलात आला. 2005 साली देशाने तेच तत्त्व स्वीकारले. कायदे बदलतात, नावे बदलतात. तत्त्व विसरता कामा नये. पाहणी करणारा माणसाला विचारतो, ‘तू काम शोधलेस काय?’ हमीचा कायदा म्हणतो, ‘हे काम, ही मजुरी, येतोस काय?’ जो कुदळ उचलतो त्याची बेकारी वेगळी सिद्ध करावी लागत नाही. पण या मापालाही एक अट आहे. मागणी लिहून घेतली पाहिजे आणि पोच दिली पाहिजे. तोंडी मागणी परत पाठवली की नोंदवही कोरी राहते, आणि कोरी वही दाखवून सांगता येते की या गावात कामाची मागणीच नाही.

तेव्हा आपण काय करायचे? माझी सूचना साधी आहे. या शिबिरातल्या प्रत्येकाने आपल्या गावातली घरे मोजावीत. वर्षातून दोनदा, एकदा लावणीच्या दिवसांत आणि एकदा चैत्रात. बाईबद्दल बाईलाच विचारावे. सात दिवसांचा दिवसवार हिशेब घ्यावा आणि प्रत्येक दिवसासमोर मजुरी लिहावी. उचल घेतली आहे काय हे विचारावे. मोळी आणि पाणी यांचे तास वेगळ्या रकान्यात मांडावेत. वर्षाचे, आठवड्याचे आणि दिवसाचे अशी तीनही मापे सरकारच्याच व्याख्येने काढावीत, म्हणजे कोणाला बोट ठेवायला जागा राहणार नाही. अडचणीचे आकडे गाळू नयेत. एखाद्या गावात बेकारी कमी निघाली तर तेही लिहावे. आणि ज्यांनी काम हवे म्हणून सांगितले, त्यांची लेखी मागणी त्याच दिवशी ग्रामपंचायतीत देऊन पोच घ्यावी. मोजणे आणि मागणे या दोन गोष्टी आपण एकत्र आणल्या, तर तहसीलदारासमोर ठेवायला आपल्याजवळ वर्तमानपत्रातल्या सरासरीहून भक्कम काही असेल.

याच तालुक्यात 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. त्या वेळी जमीन कोणाच्या नावावर आहे याची मोजणी झाली होती, दर एकराचा मोबदलाही हिशेबात होता. त्या जमिनीवर कोणाचे हात राबतात, आणि पाणी चढल्यावर त्या हातांना काम कोठे मिळणार, हे मात्र कोणी मोजले नव्हते. जमिनीला सात-बारा असतो, श्रमाला नसतो. तो उतारा आपल्याला लिहायचा आहे, आणि त्यासाठी येत्या चैत्राची वाट पाहण्याचे कारण नाही. लावणीपासूनच आरंभ करावा, एवढेच मला सांगायचे आहे.